रुखवतात न मांडलेला पंप

आदिलाबादला आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या गल्लीत होतं. कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्या थोरल्या बहिणीचा दमा उसळायचा. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी बाबा तिला नांदेडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही हट्टाने सोबत गेले. त्यांनी ताईला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. नळीवरचा काटा जेमतेम हलला. मग त्यांनी मुठीत मावेल एवढा पंप तिच्या तोंडात धरून दाबला आणि श्वास आत ओढायला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा फुंकलं तर काटा चांगला वर गेला. ताई म्हणाली, "बाबा, भूक लागली." मला त्या डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण आमच्याकडे सुख पचायचं नाही. पंप लागला म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं, अशी गल्लीतल्या बायकांची समजूत, आणि ताई लग्नाची. बाबा कचेरीत भल्याभल्यांना दरडावत, पण लोक काय म्हणतील म्हटलं की त्यांचं पाणी पाणी होई. पंप ते नांदेडहूनच आणत, गावातल्या दुकानातून कधीच नाही.

वांकिडीकडचं स्थळ आलं. शेतीवाडी असलेली साधी माणसं. पाहायला आले तेव्हा ताईने आधी स्वयंपाकघरात पंप ओढला, मग पदर सारखा करून पोह्यांचं ताट बाहेर नेलं. लग्नात रुखवत मांडलं. पितळी भांडी, विणलेले रुमाल, शिलाई मशीन, सगळं पाहुण्यांना दाखवलं. पंप तेवढा आईने ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली दडवला.

"तिकडं कोनाले दाखवू नोको," ती ताईला म्हणाली. "एखादं लेकरू झालं का मंग सांगू."

दिवाळीला ताई आली ती वाळून. "घरात कोनी नसलं का ओढते," म्हणाली. मी आईशी कडाकडा भांडले. "लग्न मोडलं तं तू निस्तरशील काय?" आई म्हणाली. बाबांनी नवा पंप आणून दिला आणि ताई सासरी परत गेली.

कापूस घरात आला त्याच हिवाळ्यात ती गेली.

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला होता. तिची सासू आईजवळ येऊन बसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. वाईट बाई असती तर मला बरं वाटलं असतं.

"कापूस रचून राह्यली होती," ती सांगू लागली. "एकदम दम लागला. पोरगा डॉक्टरले आनाले धावला. मी पाठ चोळून राह्यली होती, अन् थे ट्रंकेकडं बोट दाखवे. बोलनं तं होतच नोतं. मले वाटलं, माहेरची साडी मागते. वरची काढून अंगावर टाकली. तिनं हातानं लोटली. मंग दुसरी टाकली. थेही लोटली."

आईने तोंडात पदर कोंबला. बाबा उठून अंगणात गेले.

सासूने आईचा हात धरला. "इहीनबाई, तिले कोनती पायजे होती वो?"