कावळ्यासमोर बोलताना

खराडीतल्या एका कंपनीत मी लोकांना बोलायला शिकवते. तिथली पोरं हुशार असतात, पण ग्राहकासमोर उभी केली की एकतर आकडे ओकतात, नाहीतर गयावया करतात. मी त्यांना तीन गोष्टी बघायला सांगते. बोलणारा कोण आहे आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? ऐकणाऱ्याच्या पोटात काय चाललंय? आणि मुद्दा काय? बहुतेकांना वाटतं की तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. तसं नसतं. मुद्द्यावर निर्णय घेणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत.

माझी मामेबहीण मांजरी गावात वारली, तेव्हा या विद्येचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

तिच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिने ती कोणाला सांगितली नाही. मग दिराच्या मुलाचं लग्न ठरलं, घरात पाहुणे, म्हणून सांगितली नाही. स्वतःला पटवण्यात आमच्या घरच्या बायकांचा हात कोणी धरणार नाही. सांगितली तेव्हा डॉक्टरांनी तिला आत बसवून तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. त्यावरून ती काय ते समजली.

तिला एकच मुलगी. ती तेव्हा तीन वर्षांच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईची जखम तीच धुवायची, तीच बांधायची, आणि मग बस पकडून कॉलेजला जायची. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मामेबहिणीने माझा हात धरला. "पोरीचं शिक्षण पुरं होऊ दे," ती म्हणाली. "हे लोक मधेच लग्न उरकतील. तू बोलायला खमकी आहेस, म्हणून तुला सांगते."

"होईल पुरं," मी म्हटलं.

उरकायची घाई का, तर एक रीत आहे. घरात मोठं माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सावडायच्या दिवशीच तिच्या दिराने हा विषय काढला. हा दीर म्हणजे त्या घराचं तोंड. भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, अबोल माणूस. शेतीचं, जागेचं, बिल्डरचं, सगळं बोलणं दीरच करायचा. लोणीकडचं एक स्थळ त्याच्या डोक्यात आधीपासूनच होतं.

दहाव्याला आम्ही सगळे नदीकाठी घाटावर जमलो. आमच्याकडे दहाव्याला माइक असतोच. आधी प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीसाठी एकेकाला बोलावलं. महापालिकेची निवडणूक लढवू बघणारा एक जण उठला. मामेबहिणीला त्याने बहुधा कधी पाहिलंही नसेल. "माउली गेली, सावली गेली, अंगणातली तुळस गेली," असं त्याने तीनदा 'गेली'वर आवाज पाडला, आणि मागच्या बायका रडल्या. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी हेच करून ढाल घरी आणली होती. पुढचा म्हणाला, "मरण कोणाच्या हातात नसतं." हे मात्र मला टोचलं. लवकर दवाखान्यात नेणं हातात होतं. पण वाक्य असं असलं की कोणीच कर्ता उरत नाही, आणि सगळ्यांना हलकं वाटतं. माना डोलल्या.

मग पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट सुरू झाली.

कावळा येईना. समोरच्या पिंपरणीच्या झाडावर दोन-तीन बसले होते. बघत होते, उतरत नव्हते. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा अडकून राहिली आहे, असं धरतात. मग जवळची माणसं पिंडासमोर येऊन शब्द देतात. अमुक करू, तमुक सांभाळू, तू निश्चिंत जा. ज्या शब्दावर कावळा शिवतो, ती गेलेल्याची इच्छा. फारच वेळ लागला तर दर्भाचा कावळा करून लावतात आणि घरी जातात, पण ते कमीपणाचं मानतात.

आधी नवरा गेला. हात जोडून नुसता उभा राहिला. मग तिची नणंद गेली. "तुझं घर मोडू देणार न्हाय, वैनी." कावळे ढिम्म.

माझी मामी, म्हणजे गेलेलीची आई, माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तू जा. पोरीचं बोल."

मी विचार केला. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण सगळं गाव समोर होतं, आणि इथे दिलेला शब्द नंतर कोणाला खोडता आला नसता. बैठकीत शंभरदा बोलून जे होणार नाही, ते इथे एका वाक्यात होईल, असा माझा हिशेब. बोलायचं कावळ्याशी आणि ऐकवायचं माणसांना. मी पुढे झाले आणि पिंडाजवळ उभं राहून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या मुलीचं नर्सिंग पुरं करू. परीक्षा होऊन ती नर्स झाल्याशिवाय तिच्या लग्नाचं कोणी नाव काढणार नाही."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आता शिवतोय बघा."

नाही शिवला. मी तिथेच उभी. शेजारी व्हिडिओ घेणारा, त्याच्या मागे भटजी, कडेने पोरं. माझं वाक्य हवेत लोंबकळत राहिलं. असं लोंबकळणं मी खराडीत पुष्कळ पाहिलं आहे, फक्त तिथे वातानुकूलन असतं.

मग दीर उठला. हात पसरून त्याने सगळ्यांना मागे लोटलं. "मागं सरा. ए कॅमेरा, तूबी सर. ताई, जरा मागं या." पार पायऱ्यांपर्यंत आम्हाला नेलं. सगळीकडे शांत झालं. तेव्हा तिथूनच त्याने हात जोडले. आवाज भिजलेला. खोटा नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. "वैनी, लेकीची काळजी करू नका. वर्षाच्या आत चांगल्या घरी देतो तिला. माझ्या पोरीसारखं लगीन लावून देतो."

पिंपरणीवरून एक कावळा उतरला, इकडेतिकडे बघत चालत आला आणि भाताला चोच मारली.

"शिवला!" म्हणून एकच गलका झाला. नणंद रडायला लागली. लोक दिराच्या पाया पडायचेच बाकी होते. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती रडत नव्हती.

"मावशी, तू आधी बोललीस," ती म्हणाली. "शेवटी बोलायचं असतं."

मी ठरवलं की भाषण पुरे, आता समोरासमोर बोलायचं. पुढच्या रविवारी बिबवेवाडीहून मांजरीला गेले आणि मुलीच्या बापासमोर बसले. सगळं नीट मांडलं. एकच वर्ष राहिलंय. मुलगी अभ्यासात चांगली आहे. आईला तिने काय सांभाळलं ते तुम्हीच पाहिलंत. तिच्या आईने मला स्वतः सांगितलं होतं.

ते ऐकत होते. मधेमधे म्हणत होते, "बरोबर हाय, ताई. तुमचं सगळं बरोबर हाय." या माणसांचं 'बरोबर हाय' म्हणजे दार लावून घेणं असतं.

"मग?" मी विचारलं.

"तुमाला दवाखान्यात सांगितलं आसंल. पन घाटावर तिनं दुसरं सांगितलं ना."

"दाजी, कावळ्याने भात खाल्ला. भूक लागली, खाल्ला."

"मग तुमच्या टायमाला का नाय खाल्ला?"

"कारण आम्ही सगळे त्याच्या डोक्यावर उभे होतो. तुमच्या भावाने आधी माणसं मागे सरकवली. ते प्रत्येक दहाव्याला जातात, त्यांना माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "मग तुमी का नाय सरकवली?"

माझा मुद्दा पक्का होता आणि तो तिथे कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. त्या माणसाला बायकोला उशिरा दवाखान्यात नेल्याचं ओझं होतं. 'मरण कोणाच्या हातात नसतं' याने ते थोडं हललं होतं, कावळ्याने उरलेलं उतरवलं होतं. तिची शेवटची इच्छा पुरी करायची संधी त्यांना मिळाली होती, आणि मी ती काढून घ्यायला आले होते. आतून दीर चहाचा कप घेऊन आला. "ताई, तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "पन आईच्या शब्दाच्या म्होरं आपुन काय बोलायचं?" आणि माझ्या हातात कप दिला.

मुलीला मी गेटपाशी विचारलं, "तू स्वतः नाही म्हणशील?"

"कोणाला? आईला?" ती म्हणाली.

लोणीकडे लग्न झालं. सासरच्यांनी परीक्षा पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वर्षश्राद्धाला मी गेले. मुलगी सासरहून आदल्या दिवशीच आली होती. जड साडी, हातभर हिरवा चुडा, आणि ओट्यापाशी वाकून ती वाढत होती. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं होतं. ती पुढे, तिच्या मागे मी पाण्याचा तांब्या घेऊन. बाकीचे जिन्यात. तिने कठड्यावर पान टेकवलं आणि हात काढायच्या आत शेजारच्या नव्या इमारतीवरून कावळा आला. आम्ही दोघी हाताच्या अंतरावर उभ्या होतो. त्याने आमच्याकडे लक्षही दिलं नाही. आधी वडा उचलला, मग भातात चोच घातली.

कोणी हात जोडले नव्हते. कोणी काही बोललं नव्हतं.

जिन्यातून दिराचा आवाज आला, "शिवला का गं?"

मुलगी कावळ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला.

"शिवला, काका," तिने सांगितलं आणि पंगतीची पानं घ्यायला खाली गेली.