नानांनी न लिहिलेली ओळ

कुणाचाही मोबाइल तपासायला घेण्याआधी नाना खिशातून पोळ्या गुंडाळायचं फॉइल काढत. फोन त्यात चार पदरी बांधला की बाहेरून कुणी त्यातलं काही पुसू शकत नाही, असं ते सांगत. धुळ्याच्या त्यांच्या घरी काकू हसून म्हणायच्या, "आमच्याकडे भाकरी उघडी आणि फोन गुंडाळलेला!"

नाना कॉम्प्युटरचे निवृत्त शिक्षक. जप्त केलेले फोन तपासायला पोलीस त्यांना बोलावत. रोज सकाळी ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खानदेशातल्या तपास अधिकाऱ्यांसाठी बातमीपत्र टाकत. पुसलेले फोटो परत आणणारं कुठलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोर्टात कुठला पुरावा का टिकला नाही, सगळं त्यात असे.

माझं जळगावात मेहरूण तलावाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. हातगाडीवर कव्हरं विकून उभं केलेलं. घासाघीस मी सख्ख्या भावाशीही केली आहे; नानांशी कधी नाही. सरावासाठी मेलेले फोन त्यांना मी तसेच देऊन टाकायचो. "भाऊ, तुनं दुकान म्हणजे मनी प्रयोगशाळा शे," असं अहिराणीत म्हणत त्यांनी मलाही ग्रुपमध्ये घेतलं. मला त्याचा केवढा अभिमान!

मग एका शिक्षिकेचे खासगी फोटो गावभर फिरले. तिचा फोन माझ्याकडे दुरुस्तीला येऊन गेला होता. पोलिसांनी माझा कॉम्प्युटर उचलला आणि तपासायला नानांकडेच दिला. मी निर्धास्त झालो. फोन केला, तर नाना एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "तपास चालू असताना मी आपल्याशी बोलू शकत नाही." तेही मानलं. नियम म्हणजे नियम.

पण दुसऱ्या सकाळी बातमीपत्राची पहिलीच ओळ: जळगावात तलावाजवळच्या दुकानातून फोटो फुटल्याचा संशय. नाव नव्हतं. पण तलावाजवळ असं दुकान माझं एकट्याचंच. ती ओळ ग्रुपबाहेर फिरली आणि दुपारपर्यंत बायका दुरुस्तीला टाकलेले फोन मागायला आल्या. बंद पडलेले, तसेच घेऊन गेल्या.

पुढे नानांचाच अहवाल आला. माझ्या कॉम्प्युटरवर ते फोटो कधी आलेच नव्हते. ते शिक्षिकेच्या एका नातेवाइकाच्या लॅपटॉपवरून फुटले होते. बातमीपत्रात मात्र त्यातला एक शब्दही नाही.

मी मोटारसायकल काढून तडक धुळं गाठलं.

"नाना, एक ओळ लिहा. त्या दुकानाचा दोष नव्हता, एवढंच."

"जुना विषय शे रे. कशाला उकरतोस?"

"संशय छापताना तुम्हाला एक दिवस दम निघाला नाही!"

"ती बातमी होती, भाऊ. लोकांना सावध करणं माझं काम. काही घडलंच नाही, याची बातमी कशी करू?"

काकूंनी चहा आणला होता. तो तसाच ठेवून मी उठलो.

त्यानंतरही मी रोज सकाळी बातमीपत्र शेवटपर्यंत वाचत राहिलो. दुरुस्तीचं टेबल विकावं लागलं, त्या दिवशी ग्रुप सोडला. संध्याकाळी नानांचा फोन.

"भाऊ, ग्रुप काबर सोडा? फोन बिघडना का?"

आवाजात खरी काळजी होती. त्या माणसाला खरंच काही कळलं नव्हतं.

"हो नाना, बिघडला," म्हणालो आणि फोन ठेवला.