पत्र नसलेले पाहुणे

प्रीतिभोजनाच्या दिवशी माणसाने निदान पाहुण्यांना बसायला तरी सांगावं. मी त्यांना भांडी दाखवली.

मलकापूरच्या आमच्या चर्चमध्ये वर्षातून दोनदा, उपासनेनंतर सगळी मंडळी एका पंगतीला जेवते. तेच प्रीतिभोजन. त्या खेपेला व्यवस्था माझ्याकडे होती आणि भांडी घासायला दोन माणसं सांगितली होती. सकाळी फाटकाशी एक जोडपं दिसलं. त्याच्या चपलांना डांबर, तिच्या हातात कापडी पिशवी. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "पीछे जाओ, बर्तन उधर हैं." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गेले.

तासाभराने सांगितलेली माणसं आली तेव्हा घोटाळा कळला. मागे धावलो. तोवर दोन पातेली लख्ख झाली होती.

दोघं झारखंडची, महामार्गाच्या कामावरची. पिशवीत त्यांचं गीतांचं पुस्तक होतं. आठ महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीत घेतात तो भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस, मिळालं नव्हतं, म्हणून सुट्टी काढून आली होती. "हमको लगा, यहाँ पहले सेवा करते हैं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, तेच जास्त लागलं.

माफी मागून त्यांना आमच्या बाकावर बसवलं. पाळकसाहेबांचा उपदेश नेमका परक्यावर प्रीती करण्याविषयी. माझे डोळे भरून आले. ते लवकर भरतात. मग भाकरीचं तबक फिरत आलं, आणि मंडळीच्या कमिटीतले ज्येष्ठ, म्हणजे माझे चुलतसासरे, रिटायर हेडमास्तर, यांनी ते हाताने अडवलं.

"पत्र आनलं का?"

पत्र म्हणजे मूळ मंडळीच्या पाळकाचा दाखला: हा आमचा सभासद, याला प्रभुभोजन द्यावे. डांबराच्या कामावर निघताना कोण असा दाखला खिशात घालतो? पाळकसाहेब खाली बघत राहिले. बाईने पुढे केलेला हात पदराखाली घेतला. तबक माझ्यापुढे आलं. मी सवयीने तुकडा उचलला, खाल्ला आणि मग संतापलो. क्रम हाच होता, लपवत नाही.

उपासना सुटताच काकांना गाठलं.

"काका, हे बराबर नाही झालं."

"जावईबापू, नियम बापजाद्यायचे हायेत. उद्या कोनीबी येईन."

"येऊ द्या ना! त्याच्यासाठीच तं घंटा वाजवतो आपन."

"आवाज खाली. जावई आहा तुम्ही."

मग मी मुंबई काढली. बायकोचं ऑपरेशन तिथे झालं, तेव्हा एक तमिळ बाई अठरा दिवस दवाखान्यात डबा आणत होती. ओळख एवढीच, की एका रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर तिने मला रडताना पाहिलं होतं. त्या चर्चमध्ये पाच भाषांची माणसं. एकाला दुसऱ्याचं आडनाव धड उच्चारता येत नव्हतं. पत्र कोणी मागितलं असतं, तर माझ्याकडे फक्त केसपेपर होता.

"मुंबईचं सांगू नका," काका म्हणाले. "तिथं कोनी कोनाले ओळखत नाही."

"म्हनूनच तं! आपन ओळखीच्यायलेच वाढून राह्यलो. थे तं लोक लग्नातबी करतात."

"मिटिंगमधी विषय घेऊ."

ती मिटिंग अजून व्हायची आहे. आमच्याकडे प्रीतीलाही कोरम लागतो.

माझे बरेच मुद्दे उरले होते, पण पंगत बसली आणि ते जोडपं दिसेना. फाटकाकडे धावलो. दोघं परत निघाली होती; बायकोने त्यांना बाहेरच्या कट्ट्यावर बसवून ताटं आणून दिली होती आणि स्वतःचंही तिथेच घेऊन बसली होती. आत यायला ती दोघं तयार नव्हती. कशाला येतील?

घरी येईपर्यंत मी तापलेलाच. काका, कमिटी, पाळकसाहेबांची मुकाट मान, कोणाला सोडलं नाही. बायको कुलूप उघडता उघडता म्हणाली, "झालं का? येत्या रविवारी त्या दोघायले आपल्या घरी बोलावलं म्या. पाळकसाहेबाले म्हटलं, बिमाराच्या घरी नेता तसं प्रभुभोजन आमच्या घरी आना. बिमार कोन, इचारलं त्यायनं. तुमचं नाव सांगतलं. हो म्हने." दार ढकलून ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "अन् त्या दिवशी भांडे तुम्ही घासजा."