पक्का खलनायक आधी कॉफी विचारतो

तंजावरच्या जुन्या बसस्टँडमागे तो मोबाइल दुरुस्त करतो. आपल्यातलाच, मराठी, पण बोलतो तमिळ हेल काढून. दुरुस्त झालेला फोन तपासायचा म्हणजे त्यात गिऱ्हाइकाचाच गेम खेळून बघायचा, ही त्याची पद्धत.

गेममधल्या खलनायकांबद्दल त्याची मतं ठाम आहेत. "ओरडणारा कच्चा, अक्का. पक्का असतो तो आधी बसवतो, कॉफी विचारतो, घरच्यांची चौकशी करतो. मग तुम्हाला जे सगळ्यात हवं, नेमकं तेच उचलून नेतो. अय्यो, त्याला जन्मात विसरणार कसं?"

मी पन्नाशीची मास्तरीण. तीन महिने एका गेममधल्या शेवटच्या राक्षसाशी झुंजत होते. तो अगदी मरायला टेकला आणि माझ्या हातून फोन पडून काच फुटली.

काल फोन आणायला गेले. त्यानं स्टूल पुसून दिलं. पितळी वाटीत ओतून फेस आणलेली कॉफी पुढे केली. आईचे गुडघे कसे आहेत, विचारलं. मी अगदी विरघळले. कॉफी पिता पिता गेम उघडला. राक्षस आडवा पडला होता आणि वर फटाके उडत होते.

"टेस्ट केलों, अक्का," तो लाजत म्हणाला. "काच फस्टक्लास!"

हसता हसता मला ठसका लागला. त्यानं लगबगीनं वाटी उचलली.

"अजून थोडी कॉफी?"