न फाटणारं जाळं

दांडी या आमच्या मच्छीमार गावातली माझी आत्या मांडीवर सूत वळून जाळ्यांचा धागा करायची. मजुरी म्हणून तिला आमच्या होडीतल्या मासळीचा वाटा मिळे. साठच्या दशकात परदेशी नायलॉनचा तयार धागा आला. गावात तो पहिला आणला मीच, आणि वर मोठ्या दिमाखात तिला म्हणालो, "आते, आता तू आराम कर."

"आरामाला वाटा कोन देल?"

मी वरमलो. जाळी दुरुस्त करायचं काम तिला देऊ केलं. तिची जुनी गाठ गुळगुळीत नायलॉनवर सुटायची, म्हणून दुहेरी गाठ शिकवली. ज्या बाईने मला गाठ मारायला शिकवलं, तिलाच मी शहाणपण शिकवत होतो. ती शिकलीही. पण नायलॉन काही फाटेचना. शेवटी मीच जाळ्याला चाकूने भोक पाडलं आणि तिच्यापुढे नेऊन टाकलं.

तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मासा लय हुशार हाय. चाकू घेऊन आलता."

तेवढं शिवून तिने वाटा घेतला. दुसऱ्यांदा भोक पाडून नेलं, तेव्हा मात्र तिने जाळं परत केलं. "खरंच फाटेल तवा आन."

आता आत्या नाही, आणि तेच जाळं जुनं होऊन खरंच फाटतं. दर वेळी ते खांद्यावर टाकून तिच्या पडवीकडे निघावंसं वाटतं.