हाताला रांग नाही

सुप्याच्या कारखान्यात आमच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा पीएलसी, म्हणजे तिला हुकूम देणारा कॉम्प्युटर, सांभाळणारा गडी इतका सावकाश बोलतो, की त्याचं एक वाक्य संपेस्तोवर एसटी पारनेरला जाऊन परत येते. पण मशीनचा आवाज जरा बदलला, की तोंडात घास असतानाच पळत सुटतो.

प्रेसखाली हात गेला की ओळखणारा सेन्सर त्यानं इंटरप्टवर घेतला होता. म्हणजे प्रोग्रॅमनं चालू काम टाकून आधी प्रेस थांबवायची. प्रेस मी चालवतो, बोटं माझी.

साहेब मात्र भडकले. "माशी बसली तरी थांबते ही. सेन्सरला बाकीच्या इनपुटसारखं रांगेत घे, पाळी आली की बघेल प्रोग्रॅम."

माझं डोकंच फिरलं. शिंगणापूरची घरं दाराविना राहतात ती शनीच्या धाकावर. आमच्या प्रेसला धाक कुणाचा?

गड्यानं सेन्सर रांगेत घेतला आणि डब्यातली काकडी काठीला बांधून आत सरकवली. काकडीची कोशिंबीर झाली. मग इंटरप्ट परत लावून दुसरी सरकवली. प्रेस वरच्या वर थांबली, काकडी शाबूत.

"सायेब," तो सावकाश म्हणाला, "पुन्यांदा रांगेत घेतो. हात तेवढा तुमचा ठिवा."

साहेबांचे दोन्ही हात खिशात गेले. ते हात अजून जेवायलासुद्धा बाहेर आलेले नाहीत.