आषाढातलं महाबळेश्वर

क्रांती चौकाजवळ एका यात्रा कंपनीचं छोटं ऑफिस होतं. तिथं बसून मी सव्वीस वर्षं लोकांना सहलीच्या जागा सुचवल्या. त्यातली एकही जागा मी पाहिलेली नव्हती. मला गाडी लागते. दौलताबादचा घाट अर्धा चढेपर्यंतच तोंडाला पाणी सुटतं, पुढचं लिहिण्यासारखं नाही. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या सुमाराला जन्मलेला मी आता काठी घेऊन चालतो, तरी डिझेलचा वास आला की रस्त्याची बाजू बदलतो.

गिऱ्हाइकांची मागणी ठरलेली असायची. चालायला डोंगर, बघायला दऱ्या, पोरांना होडी आणि घोडा, आणि मुख्य म्हणजे गार हवा. मी रंगीत पत्रकं पसरायचो आणि म्हणायचो, "मी स्वतः जाऊन आलोय." हे वाक्य मालकांनी शिकवलं नव्हतं, माझंच होतं. त्यावर लोक निश्चिंत व्हायचे.

एकदा आषाढाच्या तोंडावर एक शिक्षिका आल्या. शहरातच जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. बरोबर सासूबाई, सिल्लोडच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. म्हातारीला काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेनं मिटत चालली होती आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. दिसतंय तोवर तिला एकदा महाबळेश्वरचा डोंगर बघायचा होता.

"दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं का, भाऊ?" बाईंनी विचारलं. "पावसात काही दिसतं का तिथं?"

पुढच्या आठवड्याच्या गाडीत जागा रिकाम्या होत्या, हे खरं. पण मी जे बोललो ते निव्वळ त्यासाठी नाही. मला खरंच वाटत होतं की पाऊस म्हणजे आपल्याकडचा पाऊस. तासभर पडतो, आठ दिवस तोंड दाखवत नाही. मी सायकलनं जाऊन पाहिलेला एकच डोंगर म्हणजे म्हैसमाळ. तिथं पावसाळ्यात ढग येतात, अंगाला चाटून जातात आणि मागं हिरवंगार पठार लख्ख उघडं पडतं. महाबळेश्वर त्याहून मोठं, एवढाच फरक मी धरला होता.

"आत्ताच जा," मी म्हणालो. "मी गेल्या आषाढातच जाऊन आलो. डोळ्यांचं पारणं फिटतं."

म्हातारी पुढं वाकली. "वाटंत जेवायला थांबत्यात का? नायतर भाकऱ्या बांधून घेते."

"सगळी सोय आहे, मावशी."

"सोयीचं ऱ्हाऊ द्या. डोंगुर दिसंल ना?"

"दिसेल की."

त्या गेल्या आणि आल्या. परत आल्यावर बाई एकट्याच ऑफिसात आल्या. मी भांडणाची तयारी ठेवली होती. त्या शांतपणे बसल्या, पाणी प्यायल्या.

"तीन दिवस खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं, भाऊ. हाताला कठडा लागला म्हणून कळायचं, पॉइंट आला."

"यंदाच असं झालं बघा," मी म्हणालो. "मी गेलो तेव्हा लख्ख होतं."

"मी आईंना सांगते, पावसाचा महिना होता, असं होणारच. त्या ऐकत नाहीत. म्हणतात, त्या ऑफिसातल्या दादाला आषाढातच दिसला ना? मग महादेवानं माझ्यापुरताच डोंगर झाकून घेतला. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी म्हणालो, "नशीब असतं एकेकाचं."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं.

बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर रडून गप्प बसलं असतं. त्या कामाला लागल्या. स्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचारलं, खुलताबादहून येणाऱ्या दूधवाल्याला विचारलं, शाळेतल्या शिपायाच्या भावाला विचारलं. प्रश्न एकच होता. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते, ढग निघून गेलेले असतात आणि गवत अजून उभं असतं, असे दिवस कोणते? दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस, असं उत्तर निघालं. "आधी महिना ठरवला, भाऊ, मग जागा," दसरा झाल्यावर त्यांनी ऑफिसात येऊन मला सांगितलं. "या रविवारी आईंना म्हैसमाळला नेते." पुढं सगळ्या गिऱ्हाइकांना मी हाच सल्ला दिला, आणि माझा म्हणून दिला. ऑफिसचं नाव झालं ते त्यामुळं.

त्या रविवारी मला घरी राहवेना. पहाटेच सायकल काढली. खुलताबादच्या पुढं चढावर ती ढकलतच न्यावी लागली. वर पोचलो तेव्हा गवत हिरव्यातून पिवळ्यात चाललं होतं, त्यात बोटाच्या पेराएवढी रानफुलं होती आणि हवा अशी स्वच्छ की लांबच्या टेकडीवरची झाडं मोजावीत. इतकं सुंदर म्हैसमाळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कारण त्या दिवसांत मी कधी आलोच नव्हतो.

कड्याच्या बाजूला त्या दोघी होत्या. म्हातारी पुढं, ओचा वर खोचून शेताच्या बांधावरून चालावं तशी चालत होती. बाई मागं, पण हात न धरता. दोन पावलांवर, पडलीच तर सावरता येईल इतक्या जवळ. सासूला आपली काळजी दिसू नये म्हणून त्या मध्येच थांबून फुलं बघितल्यासारखं करत. असं जपणं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

म्हातारीला समोरचा गोल तेवढा दिसत होता. म्हणून ती मान हळूहळू वळवत वेरूळच्या बाजूचा सगळा मुलूख तुकड्यातुकड्यानं बघत होती. "ती तूर. त्याच्या कडंला मका, काढाय आलीय. त्यो पांढरा ठिपका दिसतोय नव्हं, कापूस फुटाय लागलाय. लवकर पेरला असंल मालकानं." मला डोळे असून तिथं नुसते हिरवे चौकोन दिसत होते.

चाहूल लागून तिनं विचारलं, "कोण हाय गं?"

"ऑफिसातले भाऊ, आई."

"आगं बया! हितं पण तिकिटं फाडाय आले व्हय?"

बाई हसल्या. सायकलकडं बघून म्हणाल्या, "एवढ्या लांब सायकलनं? बस असते की."

"मला गाडी लागते," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंचं हसू थांबलं. "मग महाबळेश्वरचा घाट कसा चढलात?"

म्हातारीनं मान वळवली आणि मला आपल्या गोलात आणलं. "तुमाला दिसला व्हता ना रं दादा डोंगुर? आषाढात?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. एवढ्यानं तिच्या मनातला सगळा सल निघाला असता.

"दिसला होता, मावशी," मी म्हणालो.

"मग माझंच चुकलं असंल कायतरी." ती पुन्हा समोर वळली. तक्रार नव्हती आवाजात. "पर ह्यो तर दावला त्यानं. लई झालं." मग पिशवीत हात घालून एक लिंबू माझ्यापुढं धरलं. "हुंगत जा उतारावर."

"सायकलवर कशाला लागतंय, आई?"

"आसू दे. त्याचं त्वांड तरी बघ."

बाई माझ्याकडंच बघत होत्या.

दोन वर्षांत म्हातारीची नजर पूर्ण गेली. पुढं कधीतरी बाई मंडईत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आई ओट्यावर बसून अजून म्हैसमाळ सांगतात, तूर, मका, कापूस, एकही तुकडा न चुकता. आणि शेवटी म्हणतात, महाबळेश्वर तेवढा माझ्यावर रुसला. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघालो.

म्हातारी जाऊनही आता फार वर्षं झाली. तर बाई, हे सगळं तुमच्यासाठीच लिहिलं. मी महाबळेश्वर पाहिलेलं नाही. आषाढात नाही, कधीच नाही. आषाढात तिथं कुणालाच काही दिसत नाही, हे मला आमच्याच ड्रायव्हरनं तुम्ही परत आल्यावर त्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणजे म्हैसमाळला मी खोटं बोललो ते माहीत असून. मावशींचं काही चुकलं नव्हतं. हे त्यांच्या फोटोसमोर एकदा मोठ्यानं वाचा. डोळे गेले तरी कान अजून तिखट आहेत, असं तुम्हीच मंडईत म्हणाला होतात.